पेनाला जे दिसते ते

काळ्या लॅकरचे (चकचकीत लेपाचे) एक फाउंटन पेन, वीस सेकंदांचा व्हिडिओ आणि पेनाच्या अंगावरून उजेडाची एकच बारीक रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत संथपणे सरकत जावी, एवढेच काम होते. पहिले दोन दिवस मी ते सॉफ्टबॉक्सने, म्हणजे पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणाऱ्या दिव्याने, करून पाहिले. स्टँड हाताने सरकवत घेतलेल्या प्रत्येक टेकमध्ये रेघ कुठे ना कुठे अडखळत होती आणि कोणतेही दोन टेक एकसारखे येत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी दिवे बाजूला ठेवले आणि पेनाभोवती तीन मॉनिटर उभे केले.

चकचकीत वस्तूवर उजेड पडतो असे आपण म्हणतो खरे, पण कॅमेऱ्याला दिसते ते त्या वस्तूत उमटलेले आसपासचे प्रतिबिंब असते. म्हणून पेनाला काय दिसते आहे, हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. सॉफ्टबॉक्स पेनाला एक ठरावीक पांढरा चौकोन दाखवतो. स्क्रीन मात्र आपण काढू ते चित्र दाखवते, आणि त्या चित्राची रुंदी, कडांचा मऊपणा, रंग व वेग हे सगळे जागचे न हलता बदलता येते. माझ्या दृष्टीने या मांडणीचे सारे मोल एवढ्यातच आहे.

चौकट साधीच आहे. ॲल्युमिनियमच्या खाचेच्या पट्ट्या जोडून केलेल्या सांगाड्यावर, मॉनिटरच्या पाठीमागे बहुधा एकमेकांपासून १०० मिलिमीटर अंतरावर जी चार भोके असतात त्यांतून स्क्रू आवळून, एक मॉनिटर वरून तिरपा आणि दोन बाजूंनी उभे बसवले. पेनापासून प्रत्येकाचे अंतर साधारण ३० सेंटिमीटर ठेवले. सरकणारी रेघ फक्त वरच्या मॉनिटरवर ठेवली, कारण दोन मॉनिटर जिथे भेटतात तिथली काळी किनार लॅकरमध्ये स्पष्ट उमटते.

रेघेची एक कड धारदार आणि दुसरी काळोखात विरघळत जाणारी हवी होती, आणि इथे पहिला धडा मिळाला. स्क्रीनवरील आकडा आणि प्रत्यक्ष उजेड सरळ प्रमाणात नसतात; त्यांच्यातला वक्र संबंध ज्या आकड्याने सांगतात त्याला गॅमा म्हणतात. पांढऱ्याच्या निम्मी किंमत दिली, तर नेहमीच्या २.२ गॅमाच्या मॉनिटरवर उजेड निम्मा नव्हे, तर २२ टक्क्यांच्या आसपास मिळतो. त्यामुळे कागदावर समान उतरत जाणारी छटा पेनावर फार लवकर बुडत होती, म्हणून ती उलट वक्राने काढावी लागली. शिवाय ८ बिटांच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत केवळ २५६ पायऱ्या असतात आणि मंद भागात त्या पेनाच्या स्टीलच्या क्लिपवर जिन्यासारख्या दिसतात. चित्रात थोडा बारीक रवा (ठिपक्यांचा ग्रेन) मिसळताच त्या नाहीशा झाल्या.

दुसरी अडचण वेळेची होती. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत होता आणि मी सेकंदाला २५ फ्रेमने चित्रण करत होतो. हे गणित जुळत नसल्यामुळे काही फ्रेममध्ये रेघेची एक जागा, तर काहींमध्ये दोन जागा पकडल्या जात आणि जी अडखळ टाळण्यासाठी हा सारा खटाटोप केला तीच पुन्हा दिसू लागली. कॅमेरा ३० फ्रेमवर आणि शटर १/६० सेकंदावर आणल्यावर रेघ पाण्यासारखी वाहू लागली. ब्राइटनेस कमी केल्यावर चित्रात आडवे पट्टे येत होते, ते मात्र वेगळ्या कारणाने: अनेक मॉनिटर मागचा दिवा झपाट्याने उघडझाप करून मंद करतात. तेव्हापासून मी ब्राइटनेस १०० टक्क्यांवर ठेवतो आणि उजेड कमी हवा असेल तर चित्रच करडे करतो.

सर्वांत जास्त वेळ क्लिपने घेतला. समोरून पडलेल्या उजेडापैकी लॅकर जेमतेम ४ टक्के परत पाठवते, तर पॉलिश केलेले स्टील निम्म्याहून अधिक. त्यामुळे लॅकरवरची रेघ नीट दिसेल इतके एक्स्पोजर दिले की क्लिप पांढरी फटफटीत होत असे. दिव्यांनी हे सोडवायचे तर काळ्या कागदाचे तुकडे कापून अडोसे करावे लागले असते. इथे मी पूर्ण काळ्या स्क्रीनवर एक छोटे पांढरे वर्तुळ ठेवले आणि कॅमेऱ्यात पाहत ते माउसने इकडेतिकडे फिरवले. ज्या जागी ते पोचताच क्लिप उजळली, तेवढाच भाग क्लिपला दिसतो हे कळले आणि तेथे गडद करड्या रंगाचा मऊ डाग काढला. रेघ त्या डागातून जाताना क्लिपवर सौम्य होते, पण पेनाच्या अंगावर तशीच राहते. तो क्षण मला फार आवडला, कारण उजेडाला इतक्या नेमक्या जागी हात लावता येईल असे मला वाटले नव्हते.

पेन ज्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या आधारावर ठेवले होते, त्याच्या कडांवर एकदा अचानक इंद्रधनुष्यी रंग उमटले. एलसीडी स्क्रीनचा उजेड मुळातच ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात, ॲक्रिलिकमध्ये ताण राहिलेले भाग त्या ध्रुवणात फेरफार करतात आणि लेन्सवरचा पोलरायझर (एकाच दिशेचा ध्रुवित उजेड आत सोडणारा फिल्टर) तो फरक रंगांच्या रूपाने उघड करतो. पोलरायझर काढताच रंग गेले. काढणे शक्य नसेल, तर स्क्रीनपुढे ट्रेसिंग पेपर ताणून धरल्यानेही ते बरेच मावळतात, मात्र त्यात उजेड घटतो.

रेघेची हालचाल आता फाइलमध्येच बांधलेली असल्यामुळे प्रत्येक टेक मागच्यासारखाच येतो. म्हणून मी एक टेक निबवर फोकस ठेवून आणि दुसरा क्लिपवर ठेवून घेतला. फाइलच्या सुरुवातीला क्लॅपसारखी एक पूर्ण पांढरी चमक टाकली होती; संकलनात तिच्यावरून दोन्ही टेक जुळवले, तेव्हा रेघ निबपासून क्लिपपर्यंत कुठेही न तुटता धारदार दिसली.