आमची वाटचाल: एका वाकळेत किती मीटर टाके

२०१४ साली नणंदेला मुलगी झाली. बारशाला काय न्यायचं असा विषय निघाला तेव्हा सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांचं एक जुनं नऊवारी काढून माझ्या हातात दिलं. धुऊन धुऊन सुताचा सगळा करकरीतपणा गेलेला. त्याचं मी ३६ बाय ४५ इंचाचं, तीन थरांचं दुपटं शिवलं. बारशाला आलेल्या तिघींनी ते हातात घेऊन बघितलं आणि तसंच हवं म्हणाल्या. दुपारच्या वेळात शिवून दिली. पैशांचं विचारलं तेव्हा "द्या काय ते" म्हणाले. पुढची दोन वर्षं माझा दर हाच होता.

आम्ही इचलकरंजीचे. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. ती शिवायला मी शिरोळ तालुक्यातल्या आजोळी शिकले. आजी सोप्यात अस्तर अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची आणि त्यावर एकेक थर तळव्याने सपाट करत पसरायची. मग हातभर अंतरावर कच्चे टाके. खरी शिवण काठापासून सुरू व्हायची आणि चौकोनी फेर घेत आत जायची, प्रत्येक फेर आधीच्या फेरापासून इंचभर आत. प्रत्येक फेराला कापड मधल्या बाजूला सारत न्यावं लागतं, नाहीतर शेवटी मधोमध झोळ उरतो आणि तो कशानेही निघत नाही. मध्ये वीतभर जागा राहिली की आजी त्यात भाकरीचा वाळलेला तुकडा सरकवायची आणि वरून टाके घालायची. "उपाशी वाकळ अंगावर घ्यायची न्हाई," म्हणायची.

२०१६ मध्ये पहिल्यांदा डबलबेडची मागणी आली. सहावारी साडी मधोमध कापून दोन्ही भाग उभे जोडले की साधारण ९० बाय १०८ इंचाचा थर होतो, म्हणजे बरोबर डबलबेडच्या चादरीएवढा. अशा चार साड्यांचे चार थर, खाली मांजरपाटाचं अस्तर. मी आणि जाऊबाई मिळून नऊ दिवस शिवत होतो. बाराशे रुपये घेतले आणि आम्हाला ते भरपूर वाटले.

सासऱ्यांना मात्र तो आकडा पटला नाही. त्यांची सगळी हयात मागावर गेली. या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथली घरं मागाच्या आवाजावर उठतात आणि झोपतात. इथल्या विणकराची मजुरी मीटरवर मिळते आणि मीटरचा दर पिकांवर, म्हणजे इंचात किती आडवे धागे बसले त्यावर ठरतो. बावन्न पिकांना किती पैसे, यावर इथे संप झालेत. सासऱ्यांनी वही घेतली. इंचाइंचावर फेर, ९० बाय १०८ची वाकळ, म्हणजे ९,७२० इंच शिवण. मीटरमध्ये जवळजवळ २४७. इंचाला तीन टाके धरले तर एकोणतीस हजारांच्या वर. अस्तर आणि दोऱ्याचे दोनशे वजा केले तर मीटरला चार रुपये. आम्हा दोघींचे मिळून सत्तर तास गेले होते, म्हणजे तासाला चौदा रुपये. "कापडाची मजुरी मीटरवर असते, मग टाक्याची का नको?" त्यांनी विचारलं.

आमचा छंद त्या संध्याकाळी व्यवसाय झाला, असं मी मानते. तेव्हापासून आमच्याकडे मजुरी शिवणीच्या मीटरवर आहे. आज शिवणारीला मीटरला १६ रुपये मिळतात. डबलबेडच्या वाकळेची मजुरीच ३,९५२ रुपये होते. दुपट्याला साधारण ४१ मीटर शिवण, तिचे ६५६. अस्तर, दोरा, धुलाई आणि आमचा वाटा त्यावर. प्रत्येक वाकळेसोबत मीटर लिहिलेली चिठ्ठी जाते. यंत्रावर शिवलेल्या रजईशी आमची किंमत ताडून बघणारे फोन रोज येतात. मी त्यांना चिठ्ठीतला हिशेब वाचून दाखवते. कमी करत नाही, कारण कमी केलेला रुपया शिवणारीच्या हातून जातो.

आज चौदाजणी शिवतात. बहुतेकजणी आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायच्या. घरी बसून, पोरं सांभाळून काम होतं म्हणून त्या आल्या आणि दर ठरलेला आहे म्हणून टिकल्या.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१८ मध्ये एका बाईंनी त्यांच्या आईच्या पाच साड्या पाठवल्या. आई वर्षापूर्वी गेलेली. त्यात एक गडद लाल इरकल होती, बाकीच्या फिक्या. मी रंग तपासला नाही. इतक्या जुन्या साडीचा रंग आता काय जाणार, असं धरून चालले. शिवून झाल्यावर धुतली आणि लाल रंग पांढऱ्या थरावर उतरला. उसवून काही होण्यासारखं नव्हतं. मी स्वतः वाकळ घेऊन त्यांच्या घरी गेले आणि उलगडून दाखवली. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत. पुन्हा फोनही केला नाही. ती वाकळ त्या वापरतात की कपाटात आहे, मला माहीत नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून आलेल्या प्रत्येक साडीचा काठ आणि पदर कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवतो. फडक्याला रंग लागला तर ती साडी आत घालत नाही, तिची पिशवी करून देतो. नायलॉन आणि पॉलिस्टरही थरात घेत नाही. सूत धुतल्यावर आटतं, ते आटत नाही, मग त्याच्या चुण्या आत गोळा होतात. काहीजणी रागावतात, "हीच तर तिची आवडती साडी होती." मग तिची उशीची खोळ शिवतो.

उरलेल्या काठांची पायपुसणी, हातधरण्या आणि चुंबळी होतात. चुंबळ आता डोक्यावर कुणी घेत नाही, पण माठाखाली ठेवायला लोक आवडीने नेतात. वास्तुशांतीला भेट द्यायला सगळ्यात जास्त खपते ती चुंबळच.

२०२० च्या टाळेबंदीत लोकांनी घरातली कपाटं आवरली आणि वाहतूक सुरू झाल्यावर साड्यांची गाठोडी येऊ लागली. त्याआधी आम्ही नवं सुती कापड आणूनही वाकळा करायचो. ते बंद केलं. आता फक्त ज्याच्या त्याच्या घरच्या साड्या.

मधली वीतभर जागा आम्ही मोकळी ठेवतो आणि ज्यांना जमेल त्यांना बोलावतो. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा आले होते. साड्या त्यांच्या पत्नीच्या. सुई त्यांनी कधी हातात धरलेली नव्हती, दोरा जाऊबाईंनी ओवून दिला. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यात भाकरीचा तुकडा होता. कुणी सांगितलं होतं त्यांना, मी विचारलं नाही. तासभर बसून त्यांनी तेवढी जागा शिवली. टाके बोटभर लांबीचे, वाकडेतिकडे. शिवणारणींपैकी एकीने ते नंतर नीट करू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

घटस्थापनेआधी घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात. जुन्या साड्या त्याच वेळी बघून ठेवा. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही गाठोडी घेत नाही. दसऱ्यानंतर पाठवा, डबलबेडला महिना धरा.