एमएस्सी प्रोजेक्ट: कोरोनाचं कॉपी मशीन बघताना आलेला माझा अनुभव

एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्ट वाटले तेव्हा माझ्या वाट्याला कॉम्प्युटरवरचं काम आलं. कोरोना व्हायरस आपला आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) कॉपी करताना कुठलं प्रोटीन कुणाला कुठं चिकटतं ते स्ट्रक्चर बघून दाखवायचं. राजारामपुरीत घरी सगळ्यांचं म्हणणं एकच, बसून तर करायचंय की, त्यात काय एवढं!

नोट्समध्ये हे एका ओळीत उरकलेलं असतं, पॉलिमरेज आरएनए कॉपी करतो, संपला विषय. पण ते पॉलिमरेज म्हणजे एनएसपी १२ (एनएसपी म्हणजे नॉन-स्ट्रक्चरल प्रोटीन), चांगलं ९३२ अमिनो ॲसिडचं प्रोटीन, एकटं ठेवलं तर जवळपास ढिम्म. सोबत एक एनएसपी ७ आणि दोन एनएसपी ८ आले की मग गाडी सुटते.

कुणी करणार असाल तर पीडीबीवरून (प्रोटीन स्ट्रक्चरचा ऑनलाइन साठा) आधी ६एम७१ नंबरचं स्ट्रक्चर उतरवू नका. त्यात आरएनए नाही, आणि आरएनए नसला की एनएसपी ८ च्या लांब शेपट्या हलत्या राहतात त्यामुळं दिसतच नाहीत. ६वायवायटी घ्या, २०२० चंच आहे, जर्मनीतल्या ग्रुपचं. कायमेराएक्स या स्ट्रक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की सरफेस लावायची घाई करू नका (माझा लॅपटॉप तिथंच मान टाकायचा), साधं कार्टून (रिबनसारखं चित्र) ठेवा आणि प्रत्येक चेनला, म्हणजे साखळीला, वेगळा रंग द्या. मी दोन्ही एनएसपी ८ ना मुद्दाम वेगळे रंग दिले आणि तिथंच खरी मजा कळली. सिक्वेन्स तोच, पण एक एनएसपी ७ ला धरून बसलाय आणि दुसरा पलीकडं थेट एनएसपी १२ ला चिकटलाय. दोघांच्या शेपट्या बाहेर आलेल्या आरएनएच्या दोन बाजूंनी लांबवर जातात, आणि त्यावरचे पॉझिटिव्ह चार्ज आरएनएच्या निगेटिव्ह फॉस्फेटकडं तोंड करून. जीनोम, म्हणजे अख्खा आरएनए, जवळपास ३०,००० बेसचा (अक्षरांचा), पॉलिमरेज मधेच सुटून चालणार कसं? एवढं एक चित्र नीट काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमध्ये कामाचं तेवढंच.

व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल सरांनी ते चित्र बघितलं आणि सरळ हेलिकेजवर (आरएनए उलगडणारं प्रोटीन) आले. हा हेलिकेज म्हणजे एनएसपी १३ पण याच कॉम्प्लेक्सला येऊन बसतो, ६एक्सईझेड या स्ट्रक्चरमध्ये तर दोन दिसतात. सर म्हणाले, "पॉलिमरेज टेम्प्लेटवर ३ प्राइमकडून ५ प्राइमकडं जातो आणि हेलिकेज ५ कडून ३ कडं, मग दोघं मिळून काम कसं करतात गं?" ३ प्राइम आणि ५ प्राइम ही टेम्प्लेटची (ज्यावरून कॉपी काढायची त्या आरएनएची) दोन टोकं, म्हणजे एकाच दोरीला दोघं उलटीकडं ओढतायत. मी वाचलेलं सांगितलं, की हेलिकेजमुळं पॉलिमरेज मागं सरकत असावा, मग चुकीचा बेस काढायला एनएसपी १४ ला वाव मिळत असेल, पण ही कल्पना आहे, पक्कं नाही. एनएसपी १४ ला पण एनएसपी १० लागतोच म्हणा, या व्हायरसमध्ये एकट्यानं कुणाचंच भागत नाही.

मग रेमडेसिव्हिर, कोरोनावरचं औषध. तो नव्या आरएनएत बेसच्या जागी बसल्या बसल्या काम थांबत नाही, पुढं अजून तीन बेस लागतात आणि मग अडकतं, हे सांगितल्यावर सर मॅडमकडं बघून हसले आणि पुढच्याला बोलवा म्हणाले.