औटकी आणि हाल्प फीअर

जर्मनीत लायपझिगला आले तेव्हा सप्टेंबर संपत होता. खोली १ ऑक्टोबरपासून मिळणार होती, तोवर नाशिकच्या एका ताईकडे गादी टाकून राहिले. खोलीचा ताबा घ्यायची वेळ वसतिगृहाच्या हाउसमाइस्टरनी, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या काकांनी, फोनवर सांगितली : "फिर्टल ड्राय." फिर्टल म्हणजे पाव, ड्राय म्हणजे तीन. मी सव्वातीन समजले आणि दोन बॅगा ओढत ठीक सव्वातीनला हजर झाले. काका सव्वादोनला येऊन थांबले होते.

पुण्यात A2पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, जर्मन शिकले होते. तिथे सव्वादोनला 'फिर्टल नाख त्स्वाय' शिकवलं होतं, दोननंतर पाव. काका रागावले नाहीत. त्यांनी किल्ल्यांच्या पाकिटावर एक वर्तुळ काढलं, त्याचा पाव भाग पेनाने भरला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "फिर्टल ड्राय." मग अर्धं भरलं : "हाल्प ड्राय." मग पाऊण : "ड्रायफिर्टल ड्राय." शेवटी पूर्ण भरलं : "ड्राय." तिसरा तास घागरीसारखा भरत जातो. पाव भरला की सव्वादोन, अर्धा भरला की अडीच, पाऊण भरला की पावणेतीन. 'हाल्प ड्राय' जर्मनीत सगळीकडे चालतं, पण पावाचा हा हिशेब इकडे सॅक्सनीत घरोघरी आहे.

रात्री कराडला आजोबांना हे सांगितलं. आजोबा प्राथमिक शिक्षक होते. ते लगेच म्हणाले, "अगं, मग अडीच म्हणजे तरी काय? अर्धतृतीय. दोन पुरे आणि तिसरा अर्धा." आणि साडेतीनला जुना शब्द औट, तो अर्धचतुर्थवरून आलेला. औटघटकेचं राज्य म्हणतो, त्यातला औट. लहानपणी त्यांनी मला पावकी, निमकी, दिडकी म्हणायला लावली होती. औटकीही : साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. मी कंटाळून रडायचे. जर्मनमध्ये साडेतीन वाजले की 'हाल्प फीअर' म्हणतात, अर्धे चार. म्हणजे औटच! दीडला इथे 'आन्डरटहाल्प' असा स्वतंत्र शब्द आहे, त्याचा अर्थ दुसरा अर्धा. इंग्रजीत यांतलं काहीच नाही, आणि मी तर सगळं जर्मन इंग्रजीतून शिकत होते.

त्या रात्री वहीची नवी बाजू उघडली आणि इंग्रजीचा रकाना काढून टाकला.

सगळ्यात आधी सुटले आकडे. पहिल्या आठवड्यात कोणी फोन नंबर सांगितला की मी हमखास उलटा लिहायचे. 'फ्युन्फ-उंड-फीअर्त्सिष' ऐकलं की डोक्यात आधी फाइव्ह यायचं, मग फॉर्टी, आणि कागदावर ५४ उतरायचे. 'पाच आणि चाळीस' म्हणजे पंचेचाळीस, एवढंच ऐकायचं होतं. आपणही एकक आधी बोलतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. जर्मनीतही 'त्स्वान्त्सिष-आइन्स', म्हणजे थेट वीस-एक, म्हणावं असा आग्रह धरणारी संस्था आहे. वर्गात हे सांगितलं तर बाई पाच मिनिटं त्यावरच बोलत राहिल्या.

क्रियापदाचंही तसंच. 'वाइल', म्हणजे 'कारण', आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. माझ्या शेजारी बसणारा ब्राझीलचा मुलगा दर वेळी वाक्याच्या मध्येच अडतो. मी मराठीत विचार करते आणि क्रियापद आपोआप शेवटी येऊन बसतं. 'झी' आणि 'डू' तर आपले तुम्ही आणि तूच. हाउसमाइस्टर काकांना 'डू' म्हणायला माझी जीभच वळणार नाही.

लिंगांनी मात्र हात दिला नाही. तो, ती, ते तिन्ही आपल्याकडे आहेत म्हणून मी निर्धास्त होते. पण सूर्य इथे ती आहे. मुलगी, 'मेडशन', ते आहे. त्याला निदान आपलं 'ते पोरगं' जवळचं वाटतं. चमचा तो, काटा ती आणि सुरी ते, हे एका ताटाभोवतीचे तीन नातेवाईक मी रोज जेवताना मोठ्याने म्हणते. दुसरा उपाय सापडलेला नाही.

माझी खोली 'श्ट्रासं डेस आख्टत्सेनटन ओक्टोबर', म्हणजे अठरा ऑक्टोबर रस्त्यावर आहे. १८१३ मध्ये इथे नेपोलियनविरुद्ध मोठी लढाई झाली, त्या दिवसांतलीच ही तारीख. पत्ता सांगता सांगता क्रमवाचक आकडा आणि षष्ठी दोन्ही पाठ झाले. कोपऱ्यावरच्या बेकरीत परवा पहिल्यांदा न अडखळता अर्धा ब्रेड मागितला, कापून. बाईंनी परत काही विचारलं नाही, सरळ यंत्रात घातला. तो कागदात गुंडाळलेला ब्रेड छातीशी धरून मी घरी आले.

आजोबांना फोन रोज भारतातल्या आठ वाजता, त्यांच्या जेवणानंतर. ऑक्टोबरभर इथे तेव्हा साडेचार वाजलेले असायचे. दोन्हीकडच्या वेळांत साडेतीन तासांचं अंतर, हे आजोबांच्याच लक्षात आलं. २६ तारखेच्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. मी फोनवर सांगितलं, आता मी साडेतीनला करत जाईन.

"हाल्प फीअरला," मी म्हटलं.

"औटला," आजोबा म्हणाले.