तुम्ही विचारलंत म्हणून: एक नाही, दोन पुस्तकं

पुस्तक परत करता करता कुणीतरी काउंटरशी थांबतं आणि विचारतं, "मॅडम, आपल्यापेक्षा वेगळ्या लोकांचं काहीतरी वाचायचंय. वेगळा देश, वेगळा समाज. एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." मी ग्रंथपाल आहे, पुस्तक सुचवणं हे माझं कामच आहे, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो. पण त्याला उत्तर म्हणून मी एक नाव सांगत नाही. दोन सांगते. एकाच समाजातल्या दोघांची, आणि जमलं तर एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांची. काउंटरवर रांग असते, त्यामुळे कारण सांगायचं राहून जातं. ते इथे सांगते.

मराठी वाचकाशी बोलताना बहुतेक वेळा मी 'एक होता कार्व्हर'पासून सुरुवात करते. कार्व्हर या कृष्णवर्णीय अमेरिकन शेतीशास्त्रज्ञाचं वीणा गवाणकरांनी लिहिलेलं हे चरित्र १९८१ साली आलं आणि कितीतरी घरांत आईवडिलांकडून मुलांकडे गेलं. ते आवडलेल्या वाचकाला मी विचारते, कार्व्हर टस्कीगीच्या ज्या कृष्णवर्णीयांसाठीच्या शिक्षणसंस्थेत १८९६ पासून अखेरपर्यंत शिकवत राहिले, तिथे त्यांना बोलावून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन आठवतात का? मग त्यांनी स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र वाचा. 'अप फ्रॉम स्लेव्हरी', १९०१. सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की आपला जन्म नेमका कुठे आणि कधी झाला हे आपल्याला माहीत नाही. गुलामाच्या पोटी आलेल्या मुलाची तारीख लिहून कोण ठेवणार? पुढे एका सदऱ्याची हकिकत येते. मळ्यावरच्या गुलाम मुलांना जवसाच्या धाग्याचा जाडाभरडा सदरा मिळायचा. नवा असताना तो अंगाला इतका टोचायचा की घालवत नसे. वॉशिंग्टन यांचा थोरला भाऊ जॉन धाकट्याचा नवा सदरा आधी स्वतः घालायचा, मऊ पडेपर्यंत काही दिवस तोच अंगावर वागवायचा आणि मग भावाला द्यायचा. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला मळ्याचं क्षेत्र मिळेल, पिकाचा हिशेब मिळेल, गुलामांची संख्याही मिळेल. या सदऱ्याबद्दल मात्र तो विचारणारच नाही, कारण असं काही विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं.

हे झालं पहिलं. दुसरं म्हणून मी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांचं १९०३ सालचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' देते. ड्युबॉइस १८६८ साली जन्मले, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर, आणि तेही अमेरिकेच्या उत्तर भागात. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. वॉशिंग्टन यांचं म्हणणं असं होतं की आधी हातात कसब येऊ द्या, चार पैसे गाठीला बांधा, हक्कांचं नंतर बघू. ड्युबॉइस यांनी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्याच्या शीर्षकातच वॉशिंग्टन यांचं नाव घातलं. राजकीय सत्ता, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण या तिन्हींवर निदान तूर्त पाणी सोडा असं तुम्ही आपल्या लोकांना सांगताय, आणि त्याची किंमत फार मोठी आहे, असं ते आदर राखून पण ठामपणे बजावतात. ही दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचलेला माणूस 'कृष्णवर्णीयांचं म्हणणं काय' असा प्रश्न पुन्हा विचारत नाही. कुणाचं म्हणणं, असं विचारतो. माझा कल ड्युबॉइस यांच्याकडे आहे आणि मी तो लपवत नाही. पण जॉनचा सदरा वॉशिंग्टन यांच्याच पुस्तकात आहे.

हा वाद आपल्यापासून फार लांबचा आहे असंही समजू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना उद्देशून होती. आणि १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरनं आपलं नाव ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं.

एकच पुस्तक वाचल्यानं काय होतं, हे नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ सालच्या एका भाषणात फार नेमकं सांगितलंय. त्या अमेरिकेत शिकायला गेल्या तेव्हा त्यांच्या खोलीतल्या मुलीला आश्चर्य वाटलं की हिला इतकं चांगलं इंग्रजी कसं येतं. तुमच्याकडचं आदिवासी संगीत ऐकव, असंही ती म्हणाली. अदिचींनी मराया कॅरीची कॅसेट काढून दाखवली. त्या मुलीच्या मनात खोट नव्हती. आफ्रिकेबद्दल तिच्या कानावर एकच गोष्ट आलेली होती, एवढंच.

म्हणून नायजेरियासाठीही माझ्याकडे जोडी आहे. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) पुष्कळांनी ऐकलेली असते. इग्बो समाजातला ओकोंक्वो, त्याचं कष्टानं उभं केलेलं घर, सुरणासारख्या कंदाची शेती, गावाचे न्यायनिवाडे, आणि मग तिथे आलेले मिशनरी आणि इंग्रज अधिकारी. कथानक फोडत नाही, पण शेवटच्या परिच्छेदाकडे लक्ष द्या असं आवर्जून सांगते. तिथे अचेबे एकदम त्या इंग्रज जिल्हा अधिकाऱ्याच्या डोक्यात शिरतात. हा साहेब स्वतः एक पुस्तक लिहायच्या बेतात आहे. ज्या माणसाबरोबर आपण अख्खी कादंबरी चाललो, त्याच्यावर एखादं प्रकरण लिहिता येईल, असं त्याच्या मनात येतं. लगेच वाटतं, प्रकरण नको, एखादा बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. पुस्तकाचं नावही त्यानं ठरवून ठेवलंय आणि त्या नावात या लोकांना 'प्रिमिटिव्ह' म्हटलंय. कोण सांगतंय यानं काय फरक पडतो, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. तेवढं पान उघडून पुढे ठेवते.

पण ओकोंक्वोच्या बायकांचं काय? त्या अचेबे यांच्या कादंबरीत आहेत, राबतात, मार खातात, गोष्टी सांगतात, पण ती कादंबरी त्यांची नाही. त्यासाठी फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' (१९६६). समाज तोच, इग्बो. एफुरू व्यापारात हुशार आहे, लोकांना पैसे उसने देते, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवते. तिची दोन लग्नं मोडतात आणि ती मोडून न पडता तळ्याच्या देवतेची भक्त होते. कादंबरीचा मोठा भाग बायकांच्या बोलण्यातून पुढे सरकतो: कुणी कुणाचे पैसे बुडवले, कुणाला मूल का होत नाही, कुणाची सून कशी. काही वाचक परत येऊन म्हणतात, यात काही घडतच नाही. मी म्हणते, पुन्हा वाचा, तो समाज ज्या बोलण्यावर चालतो ते सगळं त्यात आहे. विशेष म्हणजे ही कादंबरी ज्या आफ्रिकन रायटर्स सिरीजमध्ये निघाली, तिचे संपादकीय सल्लागार स्वतः अचेबे होते.

अशी जोडी मराठीतही तयार आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. शिकून नोकरीला लागलेला दया पवार आणि त्याच्याच आत दडलेला दगडू मारुती पवार यांची ती समोरासमोरची भेट आहे. त्याच्या शेजारी बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ठेवा. बेबीताई किराणा दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतलं मिळेल ते वाचायच्या, आणि स्वतः लिहिलेलं घरच्यांपासून अनेक वर्षं लपवून ठेवायच्या. त्यांच्या पुस्तकात वरच्या जातींनी केलेला छळ आहे आणि आपल्याच घरातल्या पुरुषांनी बायकांवर केलेला जुलूमही तितक्याच स्पष्टपणे आहे. तो घरातला भाग सांगायला वेगळं धैर्य लागतं. 'बलुतं' आवडलं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी 'जिणं आमुचं' ठेवते.

आता थोडं कपाटांबद्दल, कारण तुम्ही स्वतः शोधायला गेलात तर तिथेच अडाल. बऱ्याच ग्रंथालयांत ड्युई यांची १८७६ सालची, पुस्तकं विषयानुसार आकडे देऊन लावायची दशांश पद्धत चालते. तिच्यात २०० ते २९९ हे आकडे धर्माचे. त्यातले २२० ते २८९ एकट्या ख्रिस्ती धर्माला दिलेत आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० च्या दहा आकड्यांत बसवलेत. हिंदू धर्म २९४.५, इस्लाम २९७. साहित्यातही हेच. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक यांना स्वतंत्र दशकं, आणि उरलेल्या सगळ्या भाषांना मिळून ८९०. मराठी ८९१.४६, अरबी ८९२.७, जपानी ८९५.६, आफ्रिकी भाषा ८९६. वर्गीकरण भाषेवरून होतं, त्यामुळे इंग्रजीत लिहिणारे अचेबे ८२३ मध्ये इंग्लंडच्या कादंबरीकारांच्या रांगेत जातात. केनियाचे न्गूगी वा थिओंगो यांनी इंग्रजी सोडून आपल्या मातृभाषेत, गिकुयूत लिहायचं ठरवलं. गिकुयूतली पहिली कादंबरी त्यांनी तुरुंगात, तिथल्या टॉयलेट पेपरवर लिहिली. तिची जागा ८९६ मध्ये. दोघेही आफ्रिकेचे, एकमेकांशी भाषेवरून वाद घातलेले, आणि कपाटात त्यांची भेट होत नाही. म्हणून मी मधल्या टेबलावर अशा जोड्या मुद्दाम शेजारी मांडून ठेवते आणि थोड्या दिवसांनी बदलते. ८९० च्या कपाटापाशी मात्र तुम्ही स्वतः जरा वेळ उभे राहा. अर्ध्याहून जास्त जग तिथे दाटीवाटीनं बसलंय.

एक गोष्ट मला खटकते, ती बोलून टाकते. दुसऱ्या समाजाचं पुस्तक म्हटलं की आपण त्याच्या दुःखाचंच पुस्तक मागतो. युद्ध, दुष्काळ, बुरखा, अत्याचार. दुःख खरं आहे आणि ते वाचलंच पाहिजे. पण ते लोक हसतात, प्रेमात पडतात, भन्नाट कल्पनाही करतात. रुकय्या सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम लेखिकेची 'सुलतानाज ड्रीम' ही १९०५ सालची छोटी गोष्ट वाचा. तिच्यात बायकांचं राज्य आहे, पुरुष मर्दान्यात बंद आहेत, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो आणि शत्रूचं सैन्यही सूर्यकिरणांचा झोत सोडून पळवून लावलं जातं. वाचताना पानोपानी हसू येतं. वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी हिच्या जोडीला मुक्ता साळवे यांचा निबंध देते. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना सरळ देवालाच विचारलंय की आमचा धर्म कोणता ते सांग. एकीनं हसत हसत जग उलटं केलं, दुसरीनं जाब विचारला. दोन्ही मिळून एका संध्याकाळचं वाचन आहे.

मुलांसाठी विचारलंत तर अजून घाई करा म्हणेन. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली एक लेख लिहिला होता. अमेरिकेत १९६२ ते १९६४ या काळात निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं त्यांनी पाहणीत घेतली. एक तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली त्यांत निघाली ३४९. ज्या मुलाला पुस्तकात स्वतःसारखं कुणी दिसत नाही त्याचं नुकसान तर होतंच, पण ज्याला फक्त स्वतःसारखेच दिसतात त्याचंही होतं. एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे' त्याच काळातलं, १९६२ चं. बर्फात एकटा खेळणारा पीटर कृष्णवर्णीय आहे, आणि पुस्तकात त्याबद्दल एक अक्षरही नाही. तो बर्फात पावलं उमटवतो, काठीनं झाडावरचा बर्फ पाडतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळतो. कीट्स स्वतः कृष्णवर्णीय नव्हते. तेव्हा बाहेरच्यानं लिहूच नये असं माझं म्हणणं नाही; कार्व्हरचं पुस्तकही बाहेरूनच लिहिलेलं आहे आणि ते मला प्रिय आहे. बाहेरच्याचं वाचून थांबू नका, एवढंच मागते. मोठ्या मुलांना तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' द्या. त्यात पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान शिडी लावून, ओढून, ढकलून झाडावर चढवते. ते प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवण्याजोगं आहे.

अनुवाद घेताना अनुवादकाचं नाव बघा. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प'ला २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, ते त्यांना आणि अनुवादक दीपा भास्ती यांना मिळून. आवडलेल्या अनुवादकाच्या मागे मागे गेलात तर अशा लेखकांपर्यंत पोचाल ज्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात.

आणि यातलं एखादं पुस्तक तुमच्या ग्रंथालयात नसेल, तर नाही म्हणून परत जाऊ नका. मागणीच्या वहीत लिहा: पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक. जोडीतली दोन्ही लिहा. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येईल का तेही विचारा. नव्या खरेदीची यादी करायला बसतो तेव्हा आम्ही आधी तीच वही उघडतो, आणि एकाच पुस्तकापुढे तीन-चार जणांची नावं दिसली की समितीपुढे ते पुस्तक मांडणं मला फार सोपं जातं.