अकरा भाकरी

घरात माणसं पाच. आप्पा, वहिनी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आजी. घरोघरच्या खाण्याच्या आणि खर्चाच्या पाहणीसाठी मी आले होते. महिन्याचं दळण किती, असं विचारल्यावर आप्पा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "नव्वद किलो धरा." मी निम्मं गव्हात, निम्मं ज्वारीत भरलं आणि टॅबवर लाल पट्टी आली: आकडा यंत्राला पटला नव्हता.

हिशोब केला. माणशी रोजचे 600 ग्रॅम धान्य. एकट्या धान्यातूनच दोन हजारांवर उष्मांक, आणि ते खाणाऱ्यांत सत्तरीची आजी आणि तिसरीतला मुलगा. हे शक्य नव्हतं. वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "साठ टाका मॅडम, पट्टी जाईल. आज चार घरं व्हायला हवीत." मी त्या वेळी एका खाजगी संस्थेकडे होते आणि आमची प्रश्नावली सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या धर्तीवरची होती. साठ टाकणं दोन सेकंदांचं काम. माझा हात चालेना. आप्पा खोटं बोलत नव्हते. पोती त्यांनी स्वतः मोजून गिरणीत पाठवलेली. चूक त्यांच्या आकड्यात नव्हतीच, मग मी दुरुस्त काय करणार होते?

त्यात सकाळचं एक घर डोक्यातून जात नव्हतं. त्याच गल्लीच्या टोकाला, माणसं सहा, नवरा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा. रेशनचं 30 किलो (अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी 5) आणि विकतची 10 किलो ज्वारी. सहा जणांत 40 किलो म्हणजे माणशी रोज 222 ग्रॅम. तिथे पट्टी आली नव्हती. गरिबाचं घर कमी खातं हे यंत्रालाही खरं वाटतं, आणि सकाळी मलाही वाटलं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण अंगणातली पोरं चांगली खेळती होती. उपाशी घरातली पोरं तशी दिसत नाहीत.

दिवेलागणीला मी आप्पांकडे परत गेले. या वेळी ओट्यावर न थांबता सरळ चुलीपाशी. वहिनी भाकरी थापत होत्या, शेजारी ठेचा. पीठ करड्या रंगाचं होतं.

"वहिनी, हे ज्वारीचं?"

"कळणं आहे ताई. दादर आणि उडीद, मीठ घालून दळलेलं."

दादर ही इकडची ज्वारी. म्हणजे आप्पांच्या नव्वदात उडीदही होते आणि मी ते सगळे गहू-ज्वारीत ढकलले होते. खानदेशात कळण्याची भाकरी रोजची. अख्खे काळे उडीद सालासकट त्यात जातात. प्रश्नावलीत ज्वारी तृणधान्यात, उडीद डाळींत, आणि मधल्या कळण्याला कुठेच जागा नाही. घरोघरी "पीठ ज्वारीचं" असं लिहीत गेलं की कागदावर त्या गावाची डाळ कमी होते. मग वर बसलेला कुणीतरी म्हणतो की इथल्या लोकांना प्रथिनं कमी पडतात. ती प्रथिनं परातीत माझ्यासमोर होती.

मी पिशवीतला छोटा वजनकाटा काढला. वहिनींना आधी संकोच वाटला, मग त्यांनीच एका भाकरीचं पीठ काट्यावर ठेवलं. 110 ग्रॅम. थापलेल्या भाकरी टोपल्यात रचत होत्या, त्या मी मोजू लागले. पाच माणसांच्या मानाने खूपच होत्या.

"एवढ्या?"

"सालदाराच्या आहेत ना. तीन सकाळी शेतात, तीन आत्ता. आणि पाच त्याच्या घरी जातात, फडक्यात बांधून. आखाजीला साल ठरलं तेव्हाच बोलणं झालं तसं."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आणि हा सालदार म्हणजे सकाळच्या त्या घरातलाच.

सहा आणि पाच, अकरा. अकरा गुणिले 110, बाराशे दहा ग्रॅम. महिन्याचे 36 किलो. मी त्यांच्या चुलीपाशीच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. नव्वदातून 36 गेले, उरले 54, म्हणजे माणशी 360 ग्रॅम. तेच 36 सालदाराच्या चाळिसात मिळवले की 76, माणशी 420 च्या वर. सकाळी जे घर उपाशी दिसलं ते जास्त खात होतं. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या घराने खायलाच हवं तेवढं. दोन्ही घरांनी आकडे खरे सांगितले होते आणि दोन्ही घरांचं चित्र उलटं आलं होतं.

हा घोळ नवा नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणाचा नियमच असा की शिजवलेलं जेवण ज्या घरात शिजलं त्याच्या नावावर. घेणाऱ्याकडे लिहिलं तर दोनदा मोजलं जाईल. खर्च मोजायला नियम बरोबर आहे. खाणं मोजायला निघालं की तोच फसवतो. म्हणूनच 2011-12 च्या फेरीत प्रत्येक माणसाची महिन्याची जेवणं विचारली जात. घरची किती, शाळेत किती, मालकाकडे किती, आणि बाहेरच्यांना आपण किती वाढली. त्या रकान्यांना कंटाळून घरोघरी विचारणारे अन्वेषक दिवसाला दोन जेवणं धरून भराभर "साठ, साठ, साठ" लिहितात. मीही लिहिलं आहे. आणि फडक्यात बांधून गेलेली भाकरी त्या रकान्यांतही नीट बसत नाही. ती सालदाराचं जेवण नाही, त्याच्या पोरांचं आहे, आणि पोरं तर घरीच जेवली.

एवढ्याने काय बिघडतं, असं वरिष्ठांनी नंतर मला विचारलं होतं. बिघडतं. महागाई मोजताना कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं हे याच पाहण्यांवरून ठरतं. 2012 पायाभूत वर्ष धरलेल्या किंमत निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार 45.86 टक्के होता, तो 2011-12 च्या घरोघरच्या उत्तरांतून आला. दारिद्र्याचे अंदाजही तिथूनच निघतात. 1999-2000 च्या फेरीत अन्नाचं गेल्या 7 दिवसांचं आणि गेल्या 30 दिवसांचं, असं दोन्ही मुदतींचं एकाच घरात विचारलं गेलं, आणि गरिबी किती घटली यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. नुसत्या मुदतीने जर इतका फरक पडतो, तर कुणाची भाकरी कुणाच्या घरात मोजली याने किती पडत असेल?

रात्री आठला सालदाराच्या घरी गेले. फडकं सोडलेलं होतं, पोरं जेवत होती. मी वहिनींसारखंच तिथल्या ताईंजवळ चुलीपाशी बसले आणि विचारलं, सकाळी या भाकरींचं का नाही सांगितलं? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"तुम्ही इचारं, घरमा काय रांधं. ती भाकर मी नही रांधी."

मी टॅब उघडला. आप्पांचे नव्वद तसेच ठेवले, फक्त त्यातले उडीद वेगळे करून डाळींत घातले. बाहेरच्यांना वाढलेल्या जेवणांत सालदाराची महिन्याची साठ लिहिली, इथे त्याच्या नावापुढे मालकाकडची साठ. पाच भाकरींना रकाना नव्हता, तेव्हा दोन्ही घरांच्या शेऱ्यात सविस्तर लिहिलं: रोज पाच, प्रत्येकी 110 ग्रॅम, कळण्याच्या. लाल पट्टी गेली नाही. तशीच पाठवली.

त्या गावातली सात घरं माझी आधीच झाली होती. दुसऱ्या दिवशी नवीन घर न घेता सकाळी सातला पहिल्या घरी गेले आणि विचारलं, तुमच्याकडून कुणाच्या घरी काय जातं, आणि तुमच्याकडे कुठून काय येतं?