पेडल खाली बसतंय: जुन्या पिकअपचे ब्रेक दुरुस्त करताना

पुढे डिस्क, मागे ड्रम असलेली जुनी डिझेल पिकअप. सिग्नलला पाय दाबून धरला की पेडल हळूहळू तळाला जायचं. 'एअर काढा', म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढा, हा सल्ला आधी मिळाला. पण एअर असली की पेडल लिबलिबीत लागतं. इथे ते कडक होतं, फक्त टिकत नव्हतं.

इंजिन बंद करून पाच-सहा वेळा पेडल मारलं, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपतो. मग दाबून धरलं. तरीही बसलं, म्हणजे दोष बूस्टरचा नाही. मागच्या व्हील सिलेंडरची (चाकातले ब्रेक ढकलणारे) रबरं सोलून पाहिली, होज पाइप चाचपले, सगळं कोरडं. तरी बाटलीतलं ब्रेक ऑइल कमी होत होतं. अशा वेळी मास्टर सिलेंडरचे (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा) दोन नट काढून तो बूस्टरपासून जरा पुढे ओढायचा. मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर थेंबही पडत नाही. माझं तेच निघालं.

बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, बारीक खड्डे होते, म्हणून नुसतं रबरांचं किट न टाकता आख्खा सिलेंडर बदलला. जुन्या गाडीत एअर काढताना पेडल तळापर्यंत मारतात, ते वाईट. रोजच्या वापरात कप (पिस्टनवरचं रबरी सील) तिथवर जातच नाही. तिथला बोअर गंजलेला असतो आणि कपाची कड फाटते. पेडलखाली दीड-दोन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवा.

नवा सिलेंडर वाइसमध्ये धरून, नळ्या बाटलीत वळवून आधी बाहेरच एअर काढली. मग चाकं: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आपल्याकडे सिलेंडर उजवीकडे, त्यामुळे लांबून जवळ. एका ठिकाणी मात्र अर्धा दिवस गेला. मागचा अॅक्सल जॅकवर लोंबकळत होता. लोड व्हॉल्व्हला (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा) वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचं प्रेशर कमी करतो आणि एअर अडकून राहते. घोडी (टेकूचा स्टँड) चासीखाली नको, अॅक्सलखाली लावा.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४ (ऑइलचा दर्जा), बाटलीच्या झाकणावर लिहिलंय तेच आणि सीलबंद डब्यातलं. ते हवेतला ओलावा ओढतं: डॉट ३ कोरडं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलं झालं की ही हद्द १४० पर्यंत उतरते. लांब घाटात हा फरक पायाला कळतो. इंजिन ऑइल किंवा रॉकेल चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात.

एवढं करूनही पेडल अर्ध्यावर लागत होतं, दोनदा मारलं की वर यायचं. ही एअर नव्हे, मागच्या लायनरची (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमपासूनची गॅप. आधी हँडब्रेकची केबल सैल केली. ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, खाचेतून गॅप कमी-जास्त करणारं दात्याचं चाक फिरवून गाडीचं चाक जाम केलं, मग हलकं घासत फिरेपर्यंत दात मागे घेतले. केबल शेवटी ताणली. उलटं केलं तर लायनर कायम चिकटलेले राहतात आणि दहा किलोमीटरवर ड्रम हात लावू देत नाही.