कुलाब्याच्या सरळ खाली

लोकल लेट असली की माझा एक टाइमपास ठरलेला आहे, मोबाइलवर नकाशा उघडायचा, मुंबईवर बोट ठेवायचं आणि सरळ खाली ओढत न्यायचं. कुलाबा संपला की पाणीच पाणी. आजूबाजूला लक्षद्वीप, मालदीव, दिएगो गार्सिया लागतात, बरंच खाली हर्ड नावाचं एक बर्फाळ बेट, आणि जवळपास दहा हजार किलोमीटर गेल्यावर बोट थेट अंटार्क्टिकाला टेकतं, तेही कुठे, तर लॅम्बर्ट ग्लेशियरचा बर्फ जिथे समुद्राकडे येतो तिथेच! जगातल्या सगळ्यात मोठ्या हिमनद्यांपैकी एक, 400 किलोमीटरच्या वर लांब, आणि आमच्या मध्ये एक टॉवर नाही की झोपु स्कीम नाही.

आता लॅम्बर्ट म्हटलं की कुणी दाढीवाला, कुत्र्यांची गाडी हाकत निघालेला माणूस डोळ्यासमोर येतो ना. तर ब्रूस लॅम्बर्ट हे ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल मॅपिंग खात्याचे डायरेक्टर. म्हणजे साहेब! आणि गंमत अशी की हिमनदीला त्याआधीच नाव मिळालं होतं, बेकर थ्री. 1946-47 ला अमेरिकन नेव्हीने विमानातून या भागाचे फोटो काढले, त्यातल्या एका विमानाचं आणि त्याच्या क्रूचं हे कोडनेम, 1952 ला त्या फोटोंचा अभ्यास करणाऱ्या जॉन रॉस्कोने तेच नदीला देऊन टाकलं. पुढे ते गॅझेटियरमध्येही आलं, पण छापील नकाशांवर काही लगेच चढलं नाही, तेवढ्यात ऑस्ट्रेलियावाल्यांनी स्वतः मोजणी केली आणि 1957 ला लॅम्बर्ट नाव लावलं. तेच टिकलं. आपल्याकडे चौकाचं होतं तसंच, ठराव कुणाचाही असो, बोर्ड आधी ज्याचा लागेल त्याचा चौक. मला मात्र बेकर थ्रीच आवडतं, निदान ती मंडळी वरून उडून तरी गेली होती.

हा बर्फ पुढे समुद्रावर तरंगत पसरतो, तो अ‍ॅमरी आइस शेल्फ. तिथेही साहेबच! विल्यम अ‍ॅमरी 1925 ते 28 ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी म्हणून ऑस्ट्रेलियात होते, 1931 ला अंटार्क्टिकाचा ऑस्ट्रेलियन संशोधक मॉसनने किनाऱ्याच्या एका टोकाला त्यांचं नाव दिलं आणि नंतर ते सगळ्या शेल्फला लागलं. ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोडवरून रोज जाणाऱ्याला यात नवल ते काय. आपलं भारती हे संशोधन स्टेशनही 2012 पासून याच भागात, शेल्फच्या पूर्वेला आहे.

शेल्फच्या कडेला एक तुकडा सुटत आलेला, त्याला शास्त्रज्ञ 'लूज टूथ' म्हणायचे, आणि तो कधी पडतो याची कित्येक वर्षं वाट बघत होते. सप्टेंबर 2019 ला पडला तो भलताच, त्याच्या शेजारचा, मुंबईच्या दुपटीहून मोठा. एवढ्या मोठ्या तुकड्याला कुणा साहेबाचं नाव नाही मिळालं, हिमखंडांना नंबरच देतात, त्यामुळे त्याचं नाव डी-28, आणि लूज टूथ तेव्हा होता तिथेच होता.